आधी मोजणी, मग तोड : तापाजोसच्या वनवासी सहकाराचा धडा

सार्वजनिक जंगलातील लाकूड कोणी तोडावे, किती तोडावे आणि त्याचा पैसा कोणाच्या हाती जावा, हे तीन प्रश्न रानाकाठच्या प्रत्येक गावाच्या परिचयाचे आहेत. ह्या प्रश्नांसंबंधी दोन समजुती फार दिवस रूढ आहेत. स्थानिक लोकांस तोडीचा अधिकार दिल्यास जंगल उजाड होईल, ही पहिली. जंगल आपल्या ताब्यात आले म्हणजे मोजणी व नोंदी ह्यांची कटकट संपली, ही दुसरी. दोन्ही समजुतींनी रानाचे व रहिवाशांचे नुकसान केले आहे. ज्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्या लोकांनी स्वतः झाडे मोजून, नियम पाळून व हिशेब ठेवून लाकूड काढले, अशा एका जंगलाची माहिती ह्या लेखात दिली आहे. आपल्या ग्रामसभांस तिचा कोणता उपयोग करून घेता येईल, ह्याचाही विचार शेवटी केला आहे.

जंगल आणि त्यातील लोक

दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात तापाजोस ही मोठी नदी ॲमेझॉनला येऊन मिळते. पारा राज्यातील सांतारेम शहराच्या दक्षिणेस, ह्या नदीच्या पूर्व काठाला लागून तापाजोस राष्ट्रीय वन पसरले आहे. त्याच्या एका अंगास नदी व दुसऱ्या अंगास कुइयाबा-सांतारेम महामार्ग आहे. क्षेत्र सुमारे ५ लाख २७ हजार हेक्टर. फेब्रुवारी १९७४ मध्ये हे राष्ट्रीय वन घोषित झाले. जमीन सरकारची आहे.

परंतु घोषणा झाली तेव्हा हे रान निर्मनुष्य नव्हते. नदीकाठी ‘रिबेरिन्यु’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांची खेडी होती आणि मुंडुरुकू ह्या आदिवासी जमातीच्याही वस्त्या होत्या. मासेमारी, रबराचा चीक काढणे, रानातील फळे व तेलबिया गोळा करणे आणि कसावा, म्हणजे ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो त्याची शेती, ह्यांवर त्यांची उपजीविका चाले. प्रारंभी ह्या वस्त्या वनाबाहेर हलविण्याचा सरकारचा विचार होता. रहिवाशांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. अखेर जुलै २००० मध्ये झालेल्या संरक्षित क्षेत्रांच्या कायद्याने, राष्ट्रीय वन स्थापन होण्यापूर्वीपासून तेथे राहणाऱ्या पारंपरिक समाजांस तेथेच राहण्यास मान्यता दिली.

राहण्याची मान्यता मिळाली तरी पोटाचा प्रश्न उरलाच. मार्च २००६ मध्ये ब्राझीलने सार्वजनिक वनांच्या व्यवस्थापनाचा कायदा केला. ह्या कायद्याने खाजगी कंपन्यांस स्पर्धेने वनक्षेत्र भाड्याने देण्याची सोय केली. मात्र तसे करण्यापूर्वी स्थानिक समाजांच्या वापरातील क्षेत्रे शोधून ती त्यांच्यासाठी राखली पाहिजेत, असेही बंधन घातले. तत्पूर्वीच, २००५ साली, तापाजोस वनातील रहिवाशांनी आपली सहकारी संस्था स्थापन केली होती. ‘कूमफ्लोना’ हे तिचे नाव. प्रारंभी शंभर हेक्टरांच्या आसपास लहान क्षेत्र घेऊन संस्थेने काम शिकून घेतले आणि पुढे वर्षाला हजार हेक्टरांच्या घरात तोडीचे क्षेत्र नेले. संपूर्ण वनाच्या मानाने हा वाटा अत्यल्प आहे, हे ध्यानात ठेवावे.

मुद्दल व व्याज

ज्या शेतकऱ्याने कर्ज घेतले किंवा दिले आहे त्यास मुद्दल व व्याज ह्यांतील भेद सांगावा लागत नाही. उभे जंगल हे मुद्दल होय. दरवर्षी झाडांच्या बुंध्यांत जी वाढ होते ते व्याज होय. ब्राझीलच्या पर्यावरण मंत्रालयाने २००६ साली ठरविलेल्या नियमांचा पाया हाच आहे.

ॲमेझॉनच्या जंगलात व्यापारी उपयोगाच्या लाकडाची वाढ दर हेक्टरी दरवर्षी ०.८६ घनमीटर धरण्यात आली. ३५ वर्षांत ही वाढ सुमारे ३० घनमीटर होते. म्हणून यंत्रांच्या साहाय्याने तोड करावयाची असल्यास हेक्टरी ३० घनमीटर ही कमाल मर्यादा ठरली आणि एकदा तोड झालेल्या भागास दीर्घ विश्रांती देण्याचे बंधन आले. पूर्ण मर्यादेइतके लाकूड काढल्यास ही विश्रांती ३५ वर्षांची असते. ओंडके ओढण्यासाठी यंत्रे न वापरणाऱ्या लहान योजनांस हेक्टरी १० घनमीटरांची मर्यादा व १० वर्षांचे प्रारंभिक तोडचक्र आहे.

समजा, एखाद्या समाजाकडे ३,५०० हेक्टर उत्पादक जंगल आहे. त्याचे प्रत्येकी १०० हेक्टरांचे ३५ भाग पाडावयाचे. एका वर्षी एकाच भागात तोड करावयाची आणि उरलेल्या ३४ भागांत करवत न्यावयाची नाही. त्या वर्षी जास्तीत जास्त ३,००० घनमीटर लाकूड निघेल. पस्तिसाव्या भागाचे काम संपून पुन्हा पहिल्या भागाकडे येईपर्यंत, तोडीच्या वेळी शाळेत जाणारी मुले आजोबा होण्याच्या वयास आलेली असतील. एवढा दीर्घ विचार एका ठेकेदारास परवडत नाही. कारण त्याचा करार संपला की त्याचा रानाशी संबंध संपतो. ज्यांची नातवंडे तेथेच राहणार आहेत त्यांस तो विचार करणे भागच असते.

कोणते झाड तोडावे, कोणते राखावे

केवळ एकूण घनफळाची मर्यादा घालून भागत नाही. सर्व ३० घनमीटर एकाच किमती जातीचे काढले तर ती जात नाहीशी होईल. म्हणून प्रत्येक जातीस स्वतंत्र नियम आहेत.

पहिला नियम बुंध्याचा. ज्या जातीसाठी वेगळा आकडा ठरलेला नाही, तिचे झाड छातीच्या उंचीवर ५० सेंटिमीटर व्यासाचे झाल्याखेरीज तोडता येत नाही.

दुसरा नियम बीजवृक्षांचा. वर्षाच्या तोडक्षेत्रात एखाद्या जातीची जितकी झाडे तोडण्यायोग्य असतील, त्यांपैकी निदान दहा टक्के बियाण्यासाठी उभी ठेवावी लागतात आणि दर १०० हेक्टरांस तीनपेक्षा कमी झाडे कोणत्याही परिस्थितीत उरता कामा नयेत. १०० हेक्टरांच्या भागात जातोबा ह्या जातीची ४० योग्य झाडे आढळली असे मानू. दहा टक्के म्हणजे ४ झाडे राखावयाची. फार तर ३६ तोडता येतील. दुसऱ्या एखाद्या जातीची १२ झाडे असतील तर दहा टक्क्यांनी एक-दोनच झाडे राखावी लागली असती. परंतु तिनाचा नियम लागू होऊन ३ राखावी लागतात व ९ तोडता येतात. तिसऱ्या जातीची तीनच झाडे असतील तर एकासही हात लावता येत नाही. संकटग्रस्त जातींस ह्याहून कडक नियम आहेत. ज्याच्या बिया गोळा करून असंख्य कुटुंबे पोट भरतात, त्या ब्राझील नट नावाच्या वृक्षाची तोड तर नैसर्गिक जंगलात बंदच आहे.

तिसरा नियम पाण्याचा. दहा मीटरांहून कमी रुंदीच्या ओढ्याच्या दोन्ही काठांस ३० मीटरांचा व झऱ्याभोवती ५० मीटरांचा पट्टा राखीव असतो. त्यातील झाडे मोजणीत आली तरी तोडीत येत नाहीत.

तोडीपूर्वीचे व तोडीचे काम

तोडीच्या आदल्या वर्षीच मोजणीचे काम सुरू होते. तोडक्षेत्रात सामान्यतः ५० मीटरांच्या अंतराने समांतर पायवाटा पाडून गावातील मोजणीदारांची तुकडी प्रत्येक मोठ्या झाडापाशी जाते. झाडाची जात ओळखण्याचे काम अनुभवी माणसाकडे असते. साल, चीक, वास व पानांचा आकार ह्यांवरून झाड सांगणारी ही माणसे कोणत्याही विद्यालयात तयार झालेली नसतात. त्यांच्याविना मोजणीचा कागद खोटा ठरतो. झाडाचा घेर व बुंध्याची उंची मोजतात, बुंधा सरळ आहे की वाकडा ह्याची नोंद करतात आणि अंकित केलेली धातूची पट्टी खोडावर ठोकतात. ५० सेंटिमीटरांहून लहान, परंतु ४० च्या पुढे गेलेली झाडेही मोजली जातात. कारण पुढील पाळीचे लाकूड त्यांच्यातच आहे.

मोजणीवरून नकाशा तयार होतो. कोणती झाडे तोडावयाची, कोणती बियाण्यासाठी ठेवावयाची, ओढे कोठे आहेत, ओंडके ओढण्याच्या वाटा कोठून न्यावयाच्या, हे सारे कागदावर निश्चित झाल्यावर वार्षिक योजना मंजुरीस जाते. मंजुरीवाचून करवत चालत नाही.

झाडांना गुंडाळलेल्या जाड वेली सुमारे वर्षभर आधी कापून ठेवतात. वेलींनी एकमेकांशी बांधलेल्या झाडांपैकी एक पडले की ते शेजारची दोन-चार झाडे ओढून पाडते व खाली काम करणाऱ्या माणसाच्या जिवासही धोका होतो. वेली आधी वाळल्या म्हणजे हे नुकसान टळते.

प्रत्यक्ष तोडीच्या वेळी करवतीचे टोक बुंध्यात उभे घालून झाड आतून पोकळ आहे किंवा कसे, हे पाहतात. पोकळ झाड तोडून लाकूड मिळत नाही. ते उभे राहिले तर बी देते व पशुपक्ष्यांस आसरा देते. म्हणून ते सोडून देतात. झाड कोणत्या दिशेस पाडावयाचे ते खाचेने ठरवितात आणि पळण्यासाठी मागील बाजूस तिरप्या दोन वाटा साफ करून ठेवतात. शिरस्त्राण व मजबूत बूट ह्यांखेरीज कोणी करवत हाती घेऊ नये, असा दंडक असतो. ओंडके ओढणारे यंत्र आखलेल्या वाटेनेच जाते व त्याच वाटेने परतते; रानात हवे तेथे वळत नाही. पावसाळ्यात हे काम बंद असते.

झाड पडले की खोडावरची अंकित पट्टी खुंटावर ठोकतात आणि तोच अंक प्रत्येक ओंडक्यावर घालतात. आगारात पडलेला ओंडका कोणत्या खुंटावरून आला, हे त्यामुळे केव्हाही शोधून काढता येते. विक्रीच्या वेळी वाहतुकीच्या परवान्यात हेच आकडे येतात.

खोट्या मोजणीचा धोका

इतकी दक्षता कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ॲमेझॉनच्याच दुसऱ्या अनुभवात आहे. पारा राज्यातील तोडीच्या परवान्यांचा अभ्यास करून २०१८ साली काही शास्त्रज्ञांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. इपे ह्या अतिशय महागड्या झाडाचे घनफळ अनेक परवान्यांत वास्तवापेक्षा पुष्कळ फुगवून दाखविल्याचे त्यांस आढळले. कागदावर नसलेली झाडे दाखविली की तेवढा परवाना शिल्लक राहतो आणि त्यावर दुसरीकडून, कित्येकदा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून, चोरून आणलेले लाकूड खपविता येते. चोरीचे लाकूड स्वस्तात बाजारात आल्यावर नियमाने काम करणाऱ्या संस्थेच्या लाकडाचा भाव पडतो. खोट्या मोजणीने अशी दोन जंगले एकदम मरतात. जेथून चोरी झाली ते, आणि जेथील प्रामाणिक लोकांचा धंदा बुडाला ते.

पैशाची वाटणी

तापाजोसच्या संस्थेत मोजणी, तोड, ओढणी, आगार व कचेरी ह्या कामांसाठी सभासदांच्याच तुकड्या असतात व त्यांस कामाचा मोबदला मिळतो. वर्षाचा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे मांडला जातो. शिलकेचा एक भाग पुढील वर्षाच्या कामासाठी व सामग्रीसाठी राखतात आणि एक भाग वनातील खेड्यांच्या सामायिक गरजांसाठी देतात. संस्थेचे सभासद नसलेल्या कुटुंबांसही त्यामुळे आपल्या रानाचा लाभ दिसतो. फांद्या व उरलेले तुकडे ह्यांपासून लाकडी सामान तयार करण्याचा उद्योगही संस्थेने हाती घेतला.

ही व्यवस्था निर्दोष आहे, असे मात्र मानू नये. मंजुरीचे कागद गुंतागुंतीचे असल्याने तंत्रज्ञांवर अवलंबून राहावे लागते. यंत्रे महाग असतात. ३५ वर्षांची विश्रांती पुरेशी आहे काय, ह्याविषयीही तज्ज्ञांत मतभेद आहे. ह्याच वनात १९७९ साली ६४ हेक्टरांवर प्रयोग म्हणून हेक्टरी सुमारे ७५ घनमीटरांची भारी तोड करण्यात आली व नंतर कायम आखलेल्या तुकड्यांतील झाडे वर्षानुवर्षे मोजली गेली. तोडीनंतर ऊन मिळाल्याने राहिलेली झाडे प्रथम जोमाने वाढली. परंतु तो जोर पुढे ओसरला, असे त्यात दिसून आले. किमती, संथ वाढणाऱ्या जाती ३५ वर्षांत पूर्ववत होत नाहीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. शिवाय तोडीने विरळ झालेले रान लवकर वाळते व आगीस बळी पडते. २०१५ च्या अखेरीस पडलेल्या तीव्र अवर्षणात सांतारेम परिसरातील जंगलांस मोठ्या आगी लागल्या. म्हणून तोड झाल्यावरही मोजणी चालू ठेवणे व आगीवर पहारा ठेवणे ही कामे संपत नाहीत.

आपल्याकडील स्थिती

लोकांनी एकत्र येऊन जंगलाचे काम करावे, ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. जंगलातील मजुरांची ठेकेदारांच्या पिळवणुकीतून सुटका व्हावी म्हणून १९४७ पासून त्या वेळच्या मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी संस्थांस कूप देण्यास आरंभ झाला. मात्र झाडांची निवड व आखणी वनखात्याने करावयाची आणि तोडीचे काम संस्थेने करावयाचे, अशी ती विभागणी होती. रानाची योजना रहिवाशांच्या हाती नव्हती.

डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा संमत केला. ह्या कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेस दिला. इमारती लाकूड ह्या कायद्याच्या गौण वनोपजात येत नाही. परंतु बांबू येतो. म्हणून तापाजोसप्रमाणे साग वा बिजा विक्रीसाठी तोडण्याचा अधिकार ह्या कायद्याने मिळाला, असा समज कोणी करून घेऊ नये. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावास २००९ साली अठराशेहून अधिक हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला व एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. सर्वसहमतीने निर्णय घेण्याची व अभ्यासगटांतून विषय समजून घेण्याची ह्या गावाची रीत होती. ती ह्या कामी उपयोगी पडली. पुढे २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाने देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे सोपविले.

ग्रामसेवकांनी व ग्रामसभांनी काय करावे

तापाजोसचे लाकूड व आपला बांबू ह्यांत फरक असला तरी रीत एकच आहे. पुढील गोष्टींकडे लक्ष पुरवावे.

१. गावाच्या वनक्षेत्राचा नकाशा करून त्याचे भाग पाडावेत. बांबूस तीन किंवा चार वर्षांचे तोडचक्र योग्य असते. तेवढेच भाग पाडून दरवर्षी एकाच भागात तोड करावी.

२. तोडीपूर्वी बांबूची बेटे मोजावीत. प्रत्येक बेटात जुन्या, मागील वर्षीच्या व चालू वर्षीच्या काठ्या किती, ह्याची नोंद करावी. त्यासाठी गावातील जाणत्या स्त्रीपुरुषांस सोबत घ्यावे.

३. चालू व मागील वर्षीच्या काठ्या तोडू नयेत. पक्व काठ्यांपैकीही काही बेटाच्या आधारासाठी राखाव्यात. सर्व बाजूंनी बेट ओरबाडल्यास कोवळ्या काठ्या वाकतात.

४. काठी जमिनीलगत पहिल्या पेराच्या वर, धारदार हत्याराने तोडावी. मुळासकट उपटू नये. पावसाळ्यात वास्ते फुटतात. त्या काळात तोड पूर्ण बंद ठेवावी.

५. ओढे, झरे व देवराया ह्यांचे पट्टे नकाशावर आधीच वगळावेत.

६. किती बांबू तोडला, आगारात किती आला, किती विकला व परवाना कोणत्या अंकाचा, ही चार खाती एकमेकांशी जुळली पाहिजेत. हा हिशेब दर महिन्यास ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा आणि फळ्यावर लिहून ठेवावा.

७. उत्पन्नाचा एक निश्चित भाग आग-रेषा काढणे, पहारा व नवीन लागवड ह्यांसाठी प्रथम बाजूस काढावा. वाटणी नंतर करावी.

८. तोड झालेल्या भागात काही बेटांवर खूण करून ती दरवर्षी पुन्हा मोजावीत. वाढ अपेक्षेहून कमी आढळल्यास पुढील वर्षाची तोड कमी करावी. आकडा बदलण्यात कमीपणा मानू नये.

ह्यांपैकी सहावी बाब सर्वांत अवघड होय. व्यापारी आगाऊ रक्कम देऊ करतो, तोडीचा हंगाम थोडा असतो व मजुरीची निकड मोठी असते; अशा वेळी वही मागे पडते. परंतु एका हंगामात वही सुटली की पुढील हंगामात किती तोडावे हे कोणासही सांगता येत नाही, आणि वनखात्याने शंका घेतली तर उत्तर देण्यास पुरावा उरत नाही. दीर्घ खटपटीने मिळालेला हक्क अशा वेळी कमकुवत होतो. म्हणून ज्या ग्रामसभांचे तोडीचे काम येत्या हिवाळ्यात सुरू व्हावयाचे आहे, त्यांनी पावसाळा संपताच मोजणीदारांची तुकडी नेमावी आणि बेटांची नोंदवही पूर्ण झाल्यावरच व्यापाऱ्याशी दराची बोलणी सुरू करावीत.